सू लॉक्स : पाण्याबरोबर वर आलेलं स्थळ

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला काका-काकूंकडे राहून नोकरी करत होते. काकांनी स्थळ आणलं, मिशिगनच्याच पार उत्तरेला हाउटनला मायनिंगमध्ये पीएचडी करणारा नागपूरचा श्रीकांत. दोघांच्या मध्ये पडतं म्हणून भेट सू लॉक्सवर ठरली. "जमलं नाही तर कालवा तरी बघून होईल," काका म्हणाले.

आय-७५ धरून उत्तरेला जात राहायचं, चुकायला वावच नाही. मॅकिनॉच्या पुलाला टोल आहे, लॉक्स बघणं फुकट. गावात करंजीसारखी पेस्टी मिळते, पण आत मांस असतं. शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा. आमच्याकडे दशम्या होत्या.

इथे दोन मोठ्या सरोवरांना जोडणारी नदी खडकांवरून उतरते, म्हणून पूर्वी जहाजं चक्क पाण्याबाहेर काढून, ओंडक्यांवरून गावच्या रस्त्याने ओढत न्यायचे. मग एका कंपनीने सरकारी जमिनीच्या बदल्यात कालवा खणला. राज्याने टोल घेऊन तो चालवला आणि पुढे केंद्राकडे सोपवला. तेव्हापासून टोल बंद, आणि लॉकची दारं उघडते ती आर्मी. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. पाणी भरलं की जहाज वर.

मी पाटीवर हे वाचत होते, तेवढ्यात काकू ओरडल्या, "अहो, हा फोटोतलाच ना?"

खाली लॉकमध्ये टूरिस्ट बोट, आणि डेकवर टाय लावलेला श्रीकांत! काकांनी फोनवर "बोटीपाशी भेटू" सांगितलं होतं. तो तिकीट काढून आत बसला होता.

"उतरा!" काका ओरडले.

"उतरू देत नाहीत, काका! नमस्कार!"

पाणी चढायला लागलं. वेळ फुकट नको म्हणून काकांनी कठड्यावरूनच चौकशी सुरू केली. आई-वडील, पत्रिका, ग्रीन कार्ड. दर उत्तराला श्रीकांत थोडा वर येत होता. शेवटी तो बरोबर माझ्यासमोर आला.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

मी तोंड उघडलं, आणि पुढची दारंही उघडली. बोट निघाली.

काका गार्डकडे धावले. "थांबवा! आमचा जावई आहे!"

"सर, मागे जहाजांची रांग आहे," तो शांतपणे म्हणाला. "जावई कॅनडाच्या लॉकमधून परत येईल."

"कॅनडा?" काकू मटकन बसल्या. "अगंबाई, त्याचा व्हिसा!"

तो परत आला तेव्हा गारठला होता. काकांनी त्याच्याशी जेमतेम हात मिळवला.

ट्रॉयला पोचेपर्यंत काकांचं एकच चाललं होतं, "बोटीपाशी आणि बोटीत, यातला फरक कळत नाही, आणि म्हणे पीएचडी!" त्यांच्यापुरता विषय संपला होता. मला मात्र आठवत होतं, सगळ्यांसमोर एवढी फजिती झालेली असताना, लांब जाता जाता तो काकूंना ओरडून सांगत होता, "तुम्ही जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका!"

दुसऱ्या दिवशी, काकांना न विचारता, मीच हाउटनला फोन लावला.