क्लेममधला कुत्रा

दोन महिन्यांपूर्वी पपांनी नाशिकच्या गंगापूर रोडवर आमची गाडी डिव्हायडरवर चढवली. भर सकाळी, रस्ता रिकामा असताना... आणि तोही रस्ता त्यांना अगदी तोंडपाठ असलेला.

मी रिक्षाने पोचले तेव्हा पपा शेजारच्या रसवंतीत बाकावर बसले होते. त्यांना कुठे खरचटलंही नव्हतं, पण गाडीचं तोंड पार चेपलं होतं. कसं झालं विचारलं तर म्हणाले, "काय माहीत गं. सिग्नल सुटला ते आठवतंय. मग एकदम डिव्हायडरच."

खरं सांगते, गेले काही महिने घरात बारीकसारीक गोष्टी होत होत्या... गॅस चालू राहायचा, रोजच्या माणसाचं नाव आठवायचं नाही. मम्मी म्हणायची वय झालं, चालायचंच. मीही तेच म्हणायचे, कारण तसं म्हणणं सोपं होतं.

पपांनी अंबडच्या कंपनीत आयुष्य काढलं आणि रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली. कॉलनीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की स्टेशनवर सोडायचं असो, पपा चावी घेऊन तयार. त्यांच्या हातातून ती चावी काढून घ्यायची वेळ आली तर... हा विचारच मला करायचा नव्हता.

गाडी टो करून गॅरेजला नेली. गॅरेजवाले भाऊसाहेब आमचे जुने ओळखीचे, मनाने चांगला माणूस. इन्शुरन्स कंपनीला कळवायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, काही आठवत नाय असं बोलू नका. कंपनीवाले लय खोदत बसतात. कुत्रं आडवं आलं सांगा, सगळे तेच सांगतात."

इन्शुरन्सच्या जगात कुत्रा हा फार गुणी प्राणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तो तक्रार करत नाही, साक्षीला येत नाही, आणि त्याला वाचवण्यात नाशिकचे किती बंपर कामी आले असतील देव जाणे.

मी टोल-फ्री नंबर लावला. मराठीसाठीचं बटण दाबलं तरी पलीकडून हिंदीच आली. अपघात कसा झाला, असं त्या मुलीने विचारलं आणि मी सांगून टाकलं... कुत्रा आडवा आला, त्याला वाचवायला वडिलांनी स्टेअरिंग फिरवलं. पपा शेजारीच बसले होते. माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होते.

मला तेव्हा क्लेमची फारशी काळजी नव्हतीच. तो कुत्रा मला माझ्यासाठी हवा होता. कुत्रा आडवा आला असेल तर पपांना काहीच झालेलं नव्हतं.

पुढे कंपनीचा सर्व्हेयर नुकसान बघायला गॅरेजला आला. फोटो काढून झाल्यावर त्याने सहज पपांना विचारलं, काका, नेमकं काय झालं होतं?

"तपकिरी कुत्रा होता," पपा म्हणाले. "एक कान फाटलेला. पळत आला हो बिचारा. म्हटलं, मुका जीव आहे, गाडीचं काय ते बघू."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले. सर्व्हेयरही जरा हलला. त्याच्या पाठीमागून भाऊसाहेबांनी मला अंगठा दाखवला, आणि मीही मनात म्हटलं, पपा काय ॲक्टिंग करतात...

क्लेम पास झाला. घरी मी हसत म्हटलं, पपा, तो फाटका कान भारी जमला तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा पुडा घेऊन घराबाहेर निघाले. त्या कुत्र्याला बघून येतो म्हणाले, फार घाबरला असेल. मी सोबत गेले. त्या रसवंतीसमोर उभे राहून ते रस्त्याच्या दोन्ही बाजू शोधत होते, आणि मी ओढणीने डोळे पुसत होते.

मग मात्र न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी अपघाताचं विचारलं आणि पपांनी कुत्र्यापासून सुरुवात केली. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "पपा, कुत्रा नव्हता."

ते माझ्याकडे वळले. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "पण तूच तर फोनवर सांगितलंस ना, बाळा?"

डॉक्टर समोर बसलेले, आणि मला मान वर करता येईना. पपांना जे आठवत नव्हतं त्याबद्दल त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. इतका, की त्या कुत्र्याला रंगही दिला आणि कानही.

तपासण्या झाल्या. ही सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू केलीत, पण मागे जाणारा हा आजार नाही. इन्शुरन्स कंपनीला मी पुन्हा फोन करून खरं काय ते कळवलं. त्यांना जे करायचं ते करतील. भाऊसाहेब मात्र माझ्यावर नाराज आहेत.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी मम्मीने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. पपा खाली जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि चावी माझ्या हातात ठेवली. मी जे बोलायला इतके दिवस घाबरत होते, ते त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"गाडी तू चालव," ते म्हणाले. "फक्त एक कर. यापुढे मला जे आठवणार नाही, ते मला खरं खरं सांगत जा."

मी हो म्हटलं.

आज सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तो कुत्रा परत दिसला का गं?" सोपं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं... पण मी कप खाली ठेवला, त्यांच्या शेजारी बसले, आणि सिग्नल सुटला तिथपासून सगळं पुन्हा सांगितलं.