समोरच्या दाराबाहेरचे बूट

आमच्या मजल्यावर कोण घरात आहे, हे दाराबाहेरच्या चपला सांगतात. समोरच्या सुमनताईंच्या स्टँडवर काळ्या बुटांची एक जोडी मात्र कायमची आहे. त्यांचा निखिल अकरावीत असताना एकदा कॉलेजातून आला, बूट काढले आणि खोलीत गेला, तो गेलाच. आता ताट त्याच्या दाराशी ठेवायचं आणि रिकामं झालं की उचलायचं. आईलाही तो धड दिसत नाही.

सुमनताई दर रविवारी ते बूट पुसतात. मुलाचे बूट जागेवर दिसले की बाकीच्या आया निर्धास्त होतात. ही आई ते जागेवर नसावेत म्हणून देव पाण्यात घालून बसली आहे. बाहेर एवढं भिण्यासारखं काय आहे, असं त्या पोराला खडसावून विचारावं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, त्यानेच उलट विचारलं की बाहेर एवढं येण्यासारखं काय आहे, तर मी काय सांगणार?

आज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर स्टँडवर ते बूट नव्हते. तशीच जाऊन बेल वाजवली.

"सुमनताई, निखिल बाहेर गेला?"

त्यांनी हातातलं फडकं झटकलं.

"नाही हो. दिवाळीची आवराआवर चाललीय. लहान झाले असतील आता, म्हणून देऊन टाकले. नवे आणायचेत." मग आतल्या बंद दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "पण माप कुणाला विचारू?"