खडूची रेघ

कोलोनजवळ ऱ्हाइनकाठी घर घेतलं आणि पुराच्या विम्याचा हप्ता बघून आम्हा नवराबायकोचे डोळे पांढरे झाले. तळघरात सांडपाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवली तर हप्ता कमी होईल, असं विमेवाले म्हणाले.

ती बसवायला आलेला प्लंबर साठीचा असेल. आधी त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केलं, डॉक्टर पाठ तपासतात तसं. झडप बसल्यावर खिशातून खडू काढला आणि छातीच्या उंचीवर रेघ ओढली.

"गेल्या पुरात हे तळघर मीच उपसलं. पाणी इथवर होतं. जे विकत मिळत नाही ते या रेघेच्या वर ठेवा."

मी चिडलेच. "मग इथे राहायचं तरी कशाला?"

"मी तीन घरं सोडून राहतो," तो शांतपणे म्हणाला. "माझ्याकडेही रेघ आहे."

जाताना त्याने जमिनीवरचं एक खोकं, आत काय आहे ते न विचारता, वरच्या फळीवर ठेवलं. त्यात सासूबाईंनी दिलेले गौरींचे मुखवटे होते. विम्याच्या यादीत आम्ही सायकलीसुद्धा लिहिल्या होत्या. मुखवटे कुठेच नव्हते.

हप्ता थोडा उतरला. यंदा गौरीजेवणाचं आमंत्रण तीन घरं पलीकडेही गेलं.