वणव्यानंतरची लागवड

माझ्या माहेराहून आलेली एकच वस्तू सासरी सगळ्यांच्या कामी आली, ती म्हणजे वडिलांची जुनी जीप. चारी चाकांना इंजिनाची ओढ असलेली, आणि चालू केली की सगळ्या गल्लीला खबर देणारी. केजच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे. नवऱ्याला गाडी चालवायची भीती वाटते, पण तसं तो कबूल करत नाही. म्हणतो, "गल्ल्यावरच्या माणसानं एका जागी बसावं." म्हणून स्टेअरिंग माझ्या हातात आलं. सुरवातीला बाजारातली माणसं मला बघायला दुकानाबाहेर यायची. नंतर त्यांनाही कंटाळा आला.

नवऱ्याचे मामा पुढारी. निवडणूक हरून बरीच वर्षं झाली होती, पण पद गेलं तरी पुढारीपण जात नाही. दम्यासारखं असतं ते, हवा बदलली की उसळतं. दर पावसाळ्यात मामा जवळच्या एका डोंगरावर झाडं लावायचे. म्हणजे फोटोत लावायचे. मागं बॅनर, पुढं खड्डा आणि हातात रोप. नव्या बापानं ओलं लेकरू धरावं तसं ते रोप अंगापासून जरा लांब धरायचे. फोटो निघाला की पुढचं कुणी बघत नव्हतं, कारण पुढं डोंगरावर कंबरेएवढं गवत माजायचं आणि त्या गवतात हत्ती लावला असता तरी दिसला नसता.

त्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. गावातले लोक आणि वनमजूर ओल्या फांद्यांनी आग झोडपत होते. मामा त्या वेळी आष्टीकडं एका लग्नात पंगतीत आग्रह करत उभे होते. आग शेवटी विझली ती जळायला काही उरलं नाही म्हणून.

ती विझली आणि मामा आमच्या दारात आले.

"सूनबाई, जीप काढ. डोंगरावर जायचंय."

"मामा, तुमची गाडी हाय की एवढी मोठी."

"ती नवी हाय," मामा म्हणाले. मी किल्ली घेतली.

त्यांच्याबरोबर त्यांचा कार्यकर्ता होता. हा माणूस मामांनी तोंड उघडायच्या आधीच मान हलवतो. त्याला फोटो काढायचे होते. "रोपं सगळी जळाली, वैनी," त्यानं मला समजावलं. "फोटो वर पाठवले की नवी लागवड मंजूर होती." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण मंजुरी या शब्दावर ते पार निघून गेलं. मामा पुढं बसले, कार्यकर्ता मागं. त्याच्या शेजारी नवरा बसला, कारण मामांना नाही म्हणणं त्याच्या घराण्यात अजून कुणाला जमलेलं नाही.

डोंगराच्या पायथ्याला डांबर संपलं आणि पुढचा रस्ताही संपला. एरवी दोन्ही बाजूंच्या गवतामुळं मधली गाडीवाट कळायची. आता सगळंच काळं, सगळंच सपाट. जिकडं बघावं तिकडं वाट, म्हणजे कुठंच वाट नाही. मी चारी चाकांचा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि अंदाजानं चढायला लागले. राखेखाली दगड आहे की खळगा, ते चाक पडल्यावरच कळत होतं. जळालेल्या झुडपांचे खुंट खिळ्यांसारखे वर आलेले. सीताफळीची झुडपं कोळसा होऊन उभी होती. एका जागी टिटवी जीपसमोर येऊन ओरडायला लागली. मी थांबून बघितलं, तर राखेतच दगडांमध्ये तिची अंडी. सगळा डोंगर जळाला आणि ही बाई नव्यानं संसार मांडून बसली होती.

"कावून थांबलीस?" मामांनी विचारलं.

"अंडी हायत."

"चल चल. आपल्याला झाडांचं बघायचंय."

मी लांबून वळसा घातला. राख उडून काचेवर, अंगावर, मामांच्या पांढऱ्या शुभ्र कपड्यांवर बसत होती. आमचं घर महादेवाचं, रोज कपाळाला भस्म लागतं. पण मामा त्या दिवशी नखशिखांत भस्मात न्हाले, आणि एवढं होऊनही त्यांच्यात वैराग्य काही आलं नाही.

लागवडीच्या पठारावर पोचलो आणि मी इंजिन बंद केलं. गवत जळून गेल्यामुळं सगळं उघडं पडलं होतं. ओळीनं खड्डे. रिकामे. एका कडेला रोपांच्या काळ्या पिशव्यांचा ढीग, वितळून एकमेकांना चिकटलेला. रोपं पिशवीतून बाहेर निघालीच नव्हती. जळालेलं झाड म्हणून दाखवायला एक काडीसुद्धा त्या खड्ड्यांत नव्हती.

मला वाटलं, मामा आता खाली बघतील. ते खाली बघत होतेच, पण वेगळ्या कारणानं.

"खड्डे चांगले हायत अजून," ते म्हणाले.

कार्यकर्त्यानं मान हलवली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं जळालेल्या झुडपाच्या फांद्या मोडल्या, एकेक खड्ड्यात उभी केली आणि पायानं माती ओढली. मामांना ते पटलं. "सरळ लाव बे, वाकडी दिसतीय," करत ते स्वतः वाकले आणि दोन्ही हातांनी माती दाबायला लागले. त्यांनी नवऱ्यालाही कामाला लावलं. इतक्या वर्षांत त्या डोंगरावर इतक्या मनापासून झालेली लागवड कुणी पाहिली नसेल. मामांना घाम आला होता. शेवटी पठारावर जळक्या काड्यांची एक सुंदर बाग उभी राहिली.

"आता माझा एकट्याचा," मामा म्हणाले. दुःखी फोटो हवा होता. शेजारी एक जुनं खोड आडवं पडलेलं होतं. त्याच्यावर ते बसले, कपाळाला हात लावला, नजर दूर लावली.

"अण्णा, थोडं आणखी दुःख," कार्यकर्ता मामांना म्हणाला.

आणि खरंच आणखी दुःख दिसायला लागलं. आधी चेहऱ्यावर, मग घशातून. खोड वरून काळं थंड होतं, पण आत अजून धुमसत होतं. मामा असे उठले की डोक्यावरची टोपी जागेवरच राहिली आणि मामा पुढं गेले. पायजम्याच्या मागच्या बाजूला मोठं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा लाल होत्या. नवऱ्यानं जीपमधला पाण्याचा कॅन आणून अख्खा मामांवर ओतला. लग्नानंतर त्याला इतक्या चपळाईनं काही करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

येताना मामा पालथे, मागच्या बाकावर. प्रत्येक दगडाला ते मला माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारत होते.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पुढाऱ्याला भाजलं की ते वाया जात नाही. दोन दिवसांत बाजारात खबर फिरली: मामा वणवा विझवताना होरपळले. बघायला रीघ लागली. कुठं भाजलंय हे दाखवता येत नव्हतं, त्यामुळं जखम मोठीच असणार असं लोकांनी धरलं. लगेच सत्कार ठरला. मामा सबंध कार्यक्रमभर व्यासपीठावर उभेच होते. खुर्ची दिली तर हात जोडून नको म्हणायचे. "एवढा मोठा माणूस, पण बघा, बसला न्हाई," माझ्या शेजारची बाई भारावून म्हणाली.

मग धाडसी सूनबाई म्हणून मलाही वर बोलावलं. गळ्यात शाल, हातात नारळ, पुढं माईक. मामांच्या कपाळावर आठी आली. नवरा पहिल्या रांगेत बसून चपलेकडं बघत होता.

"मामांनी त्या दिवशी उन्हात, स्वतःच्या हातानं लागवड केली," मी म्हणाले. "मी माझ्या डोळ्यानं बघितलं. आणि डोंगरावरनं उठताना त्यांना लई त्रास झाला."

टाळ्या वाजल्या. मामांनी डोळे पुसले.

घरी जाताना नवरा म्हणाला, "तुला काय गरज होती?"

"खोटं काय बोलले?"

बस स्टँडच्या वळणावर त्याला एकदम हसू फुटलं. ते आवरेना, म्हणून मला जीप कडेला घ्यावी लागली.

पावसाळ्यात मामांचा निरोप आला. लागवड मंजूर झाली होती, जीप पाहिजे होती. मी सांगितलं, जीप नादुरुस्त आहे. ती तेव्हा दारातच उभी होती, मागच्या बाजूला साखरेची पोती भरून. निरोप घेऊन आलेल्या कार्यकर्त्यानं पोत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सवयीनं मान हलवली.