टेरिलीन फोरचे पाठमोरे फोटो

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीची मला खात्री नाही. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय अंगात मुरली. आता ऐंशी ओलांडल्यावर मोजायला उरलंय ते सगळं आठवणीतलं, आणि तिथली पट्टीच वाकडी. एखादा किस्सा सांगायला लागलो की नरसय्या म्हणतो, "तसं नव्हतं ते." विश्वनाथ म्हणतो, "तू तिथं होतास तरी का?" मग मलाही वाटायला लागतं, होतो का?

पण फोटो आहेत. जुन्या अल्बममधला एक फोटो सोडवायला जावं तर त्याला चिकटून दुसरा येतो. किस्स्यांचंही तसंच. असे साठतात, की शेवटी कुणीतरी एकदा लिहून काढावे लागतात.

साठच्या दशकात सोलापुरात आमचा पॉप ग्रुप होता. नाव 'टेरिलीन फोर'. आज हसू येतं, पण तेव्हा जिल्ह्यात आमचं नाव होतं. विश्वनाथ गायचा आणि गिटार वाजवायचा, दिनकर अ‍ॅकॉर्डियन, नरसय्या बोंगो. तिघांचे सूट एकाच ताग्यातले, टेरिलीनचे. दिनकर आता नाही. बाकी आम्ही रविवारी सकाळी नरसय्याच्या ओट्यावर बसतो.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या वाचनालयानं या ग्रुपच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तिथल्या अमृता मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, हे तर तीनच जण आहेत. फोरमधले चौथे कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हाच की," विश्वनाथ म्हणाला. "पण त्याची स्वतःची अजून खात्री पटलेली नाही."

*

मी अ‍ॅम्प्लिफायर सांभाळायचो. मीच जोडलेला, व्हॉल्व्हचा. जरा नजर हटली की शिट्टी मारायचा. त्यामुळे माझी जागा कायम स्टेजच्या मागे, पडद्याच्या फटीशी. गळ्यात मामाचा कॅमेरा. परिणाम असा, की आमच्या ग्रुपचे झाडून सगळे फोटो मागून काढलेले आहेत. सूटच्या पाठी, मानेवरचे केस आणि पलीकडे मांडवातल्या बल्बांच्या उजेडात पब्लिक.

अमृता मॅडमनी सगळे फोटो टेबलावर मांडले, उलटसुलट करून पाहिले आणि फार हळू आवाजात विचारलं, "यात चेहरे कुठेयत?"

विश्वनाथला ते लागलं. त्या काळी त्याच्या चेहऱ्याची फार चर्चा होती. मला म्हणाला, "प्रोफेसर, सोलापूरच्या पोरी काय माझ्या मानगुटीवर भाळल्या होत्या का रे?"

नरसय्या मात्र खूश. स्टेजवर तो दिनकरच्या अ‍ॅकॉर्डियनमागे असा झाकला जायचा, की लोकांना वाटायचं ग्रुपमध्ये दोघंच आहेत. माझ्या फोटोंत सगळ्यात मोठा तोच. त्याची बायको लक्ष्मी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढे मोठे कलाकार होता, तर लग्नाच्या वेळी सांगायचं की. आमच्या घरच्यांनी नुसते मागावाले म्हणून पोरगी दिली."

*

नरसय्याच्या प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात एक हात दिसतो. नुसता हात, त्याच्या कोटाचं टोक धरलेला. मॅडमना तो प्रकार गूढ वाटला.

तो माझा हात. नरसय्या दिवसा पॉवरलूमवर असायचा. त्याचा ताल एकदम पक्का, पण एक अडचण होती. माग जसा स्विच बंद केल्याशिवाय थांबत नाही, तसा नरसय्याही थांबायचा नाही. विश्वनाथ गाणं संपवून वाकून नमस्कार करतोय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि याचा बोंगो चालूच. शेवटी मागून कोट ओढायचं काम माझ्याकडे आलं. उजव्या हातानं कोट, डाव्या हातानं कॅमेरा. म्हणून फोटो तिरके.

करमाळ्याच्या एका कार्यक्रमात मी कोट ओढायला विसरलो. नरसय्या वाजवत राहिला, लोकांना वाटलं पुढचं गाणं सुरू झालं, आणि त्यांनी परत टाळ्या दिल्या. तिथल्या पाटलांनी नंतर खास सांगितलं, "सगळ्यात ते शेवटचं गाणं आवडलं बघा. कुनी मधी मधी गात न्हवतं."

*

टेरिलीनचा सूट, मे महिना, कुंभारीतलं लग्न. ज्यांनी टेरिलीन घातलंय त्यांना पुढचं सांगायला नको. वारा आत येत नाही, घाम बाहेर जात नाही. मध्यंतर झालं तसे आम्ही चौघं मांडवाच्या मागे पळालो, कपडे काढून दोरीवर टाकले, आणि बनियन-चड्डीवर पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून उभे राहिलो. त्या तिघांचा फोटो माझ्याकडे आहे. प्रदर्शनात तो लावायचा की नाही यावर दोन बैठका झाल्या.

तेवढ्यात नवरीची आजी मागं आली. तिनं आम्हाला नीट न्याहाळलं, एकेकाला, आणि तशीच परत गेली. आत जाऊन मात्र तिनं सगळ्यांदेखत सुनेला झापलं, "वाजवायला बोलावलंय ना पोरांना? मग उगडी का हायत ती? कापडं द्या की कुनीतरी."

आहेरात आम्हाला एकेक धोतर मिळालं. मलासुद्धा, म्हणजे आजीनं तरी चार मोजले होते. नरसय्याकडे त्याचं अजून आहे. विणकर साळ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, कापड बोटांत घेऊन चोळतो आणि म्हणतो, "टेरिलीन गेलं. हे राहिलं."

*

आम्ही इंग्रजी गाणी म्हणायचो, पण शब्द कुणालाच पूर्ण येत नव्हते. रेडिओवर ऐकून जेवढे लागले तेवढे. मधल्या जागा विश्वनाथ कानडीनं भरायचा, कारण ती त्याच्या घरची भाषा. तोंड वाकडं करून म्हटलं की सगळं इंग्रजीच वाटायचं. सोलापुरात ज्यांना कळायचं ते हसून गप्प बसायचे.

अक्कलकोटला घोळ झाला. तिथं समोर बसलेल्या सगळ्यांनाच कानडी येत होती. विश्वनाथनं डोळे मिटले, मान मागं टाकली आणि अत्यंत विरहानं, तीनदा आळवून म्हटलं, "नाळी बदनीकायी तगोंड बा." म्हणजे, उद्या वांगी घेऊन ये.

पहिल्या रांगेतला एक शेतकरी उठून उभा राहिला आणि त्यानं गंभीरपणे मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधत होतो, तर तो दारात. डोक्यावर वांग्यांची पाटी. विश्वनाथचा तोंडाकडून काढलेला माझ्याकडचा एकमेव फोटो त्या वेळचा आहे. पण पाटी त्यानं छातीशी अशी धरलीय, की हनुवटीच्या वर वांगी आणि वांग्यांच्या वर केस.

*

आता खरं सांगायचं तर विश्वनाथला प्रदर्शनाचं काही पडलेलं नव्हतं. त्याला त्या फोटोंतलं पब्लिक बघायचं होतं. मी मागून फोटो काढायचो, म्हणजे समोरचे लोक त्यात आले असणार. आणि त्या लोकांत एखादे वेळी अप्पा असतील.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. बाजारात भुसार मालाचं दुकान. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गाण्याशी अबोला. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "ज्वारी इकनाऱ्याचा पोरगा गिटार घेऊन हुबा ऱ्हातो, ते बघायला मी येनार न्हाय. ऐकायलाबी न्हाय."

पुढे ग्रुप मोडला. विश्वनाथ त्याच दुकानात बसला. बाप-लेक शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं ज्वारी विकत होते, पण विचारायचं धाडस याला झालं नाही आणि आपणहून सांगायची सवय त्यांना नव्हती. अप्पा गेले. विश्वनाथचं एक वाक्य मात्र ठरलेलं, आणि ते तो हसतच म्हणायचा. "सगळ्या सोलापूरनं मला ऐकलं. एक माणूस सोडून."

तर अमृता मॅडमनी कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा केला आणि आम्ही तिघं पब्लिक तपासायला बसलो. गणिताचे एक मास्तर सापडले, ज्यांनी विश्वनाथला गाण्यावरून वर्गाबाहेर काढलं होतं. ते चक्क ताल धरून होते. अप्पा नव्हते.

एका फोटोवर विश्वनाथ थांबला. मागच्या रांगेत खांबाला टेकून एक माणूस उभा होता. टोपी, कोट, हाताची घडी. विश्वनाथनं स्क्रीनवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हे अप्पा."

नरसय्या पुढे वाकला. "अरे, हे तर माझे मामा. आणि तुझ्या अप्पांना मिशी कुठं होती?"

विश्वनाथ स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "फोटोत आली असंल."

मॅडमनी थोडं थांबून पुढचा फोटो लावला.

*

शेवटी उरला तो कर्ण्याचा फोटो. तो प्रदर्शनात घ्यायचा प्रश्नच नव्हता, त्यात माणूसच नाही.

गणपतीतल्या कार्यक्रमाला लाउडस्पीकरचे कर्णे रस्ताभर खांबांवर टांगले जायचे. एक कर्णा बरोबर अप्पांच्या दुकानासमोरच्या खांबावर असायचा. मंडळातल्या पोरांनी अप्पांना डिवचायला तो मुद्दाम तिथं लावलाय, असं सगळे म्हणायचे. विश्वनाथचं पहिलं गाणं सुरू झालं की अप्पा उठायचे, आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, दुकानाच्या लाकडी फळ्या एकेक करून लावून घ्यायचे. विश्वनाथला स्टेजवरून ते दिसायचं. गाता गाता तो फळ्या बघायचा. दरवर्षी कर्णा, दरवर्षी फळ्या. पुढे तो स्वतःच त्याची गंमत करून सांगायला लागला, "माझा गळा उघडला की अप्पांचा बाजार बंद."

एका वर्षी कार्यक्रमाआधी तारा तपासत हिंडताना, रोल संपवायचा म्हणून मी त्या कर्ण्याचा फोटो काढला होता. आता तो मोठा करून बघताना मला जाणवलं, की कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे नाहीच. ते दुकानाच्या वर, माळ्याच्या खिडकीकडे आहे. अगदी हातभर अंतरावर.

वाऱ्यानं फिरला असेल. फोटो उलटा छापला गेला असेल. पण दुकानाची पाटी सरळ वाचता येत होती. दोन दिवस मला झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी विश्वनाथला घेऊन हमीदभाईंकडे गेलो. तेव्हा सगळे लाउडस्पीकर त्यांचेच असायचे. आता धंदा मुलगा बघतो. एकट्यानं जायची माझी तयारी नव्हती, कारण एकट्यानं ऐकलेलं मला नंतर खरं वाटलं नसतं.

हमीदभाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मी विचारलं, "हा कर्णा असा कुणी फिरवला? मंडळाच्या पोरांनी?"

"मंडळ को क्या मालूम," ते म्हणाले. "अप्पासाब खुद बोले थे, यहाँ लगा. पैले साल मैं रस्ते की तरफ मुँह किया तो मेरे पे गुस्सा हुए. बोले, खिडकी की तरफ कर."

"आणि फळ्या?" विश्वनाथनं विचारलं.

"फळ्या लगाके ऊपर जाते थे. माळे पे बैठते थे."

विश्वनाथनं खुर्चीचा हात धरला. हमीदभाई फोटोकडेच बघत बोलत होते. "एक बार वो कर्णा बंद पड गया. तार निकल गई थी. मैं दौडता गया, तो चालू हो गया. ऊपर देखा, तो खिडकी में से हाथ बाहर. अप्पासाब तार चिमटी में पकडके बैठे थे. मैं बोला, छोडो, झटका लगेगा. बोले, बसू दे. गानं हू दे. पोराला सांगायचं न्हाय."

"मग साठ वर्षं तुम्ही सांगितलं नाहीत?" मी म्हणालो.

"वो नक्को बोले थे. अब फोटोच बोल दिया, तो मैं क्या करूं."

विश्वनाथनं विचारलं, "कुठलं गाणं होतं?"

"गाना याद नै," हमीदभाई म्हणाले. "लंबा था."

मला एक शंका राहिली, की त्या तारेत झटका बसण्याइतकं काही असतं का. घरी येऊन पुस्तकांत बघितलं. समाधान झालं नाही, म्हणून आठवड्यानं हमीदभाईंच्या मुलाच्या दुकानात जाऊन, तशाच लाइनवर मीटर लावून तपासलं. झटका बसतो. पण एकसारखा बसत नाही. गाणाऱ्याचा आवाज चढला की वाढतो, आवाज उतरला की कमी होतो.