मराठी पत्ता आणि उभी पऱ्हाटी

दुसरबीडच्या स्टँडसमोर माझं फॉर्म भरायचं दुकान होतं. कॉम्प्युटर एकच, तोही जुनापुराणा, पाटी मात्र ऐटीत: ‘येथे सर्व काही मराठीत’. फार माज होता मला तेव्हा. येणारे सगळे अंगठेबहाद्दर अन् मी एकटा शहाणा!

बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली त्या साली दिवाळीनंतर एक मावशी आली. नवरा वारलेला, दोन एकर एकटीच कसायची. तिनं ओटीतली किडकी बोंडं माझ्या कीबोर्डवरच ओतली. अळीची तक्रार ऑनलाइन नोंदवायची होती, मुदतीला दोनच दिवस उरले होते. नोंद झाली की शेतकी खात्याचा साहेब उभी पऱ्हाटी, म्हणजे शेतातली कपाशीची झाडं, पाहायला येणार, मग भरपाई. तिच्या चिठ्ठीवर वेबसाइटचा पत्ता चक्क मराठीत लिहिलेला.

मी तो टाइप केला. पान उघडलं, फॉर्मही दिसला. पण वर पट्टीत मराठी पत्ता गायब! तिथं एक्स, एन, दोन आडव्या रेघा अन् पुढं इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. हात्तिच्या, हे तर लुबाडायचं पान, म्हणून मी ते बंद केलं.

रांगेतला एक जण फिदीफिदी हसला. “काऊन बे, पाटीवर त सगळं मराठीत हाय ना?”

माझं डोकंच फिरलं. जमत नाही म्हणायला जीभ रेटेना. तिला वाचता येत नव्हतं. कुठलासा जुना फॉर्म छापून मी तिच्या हातात कोंबला.

“झाली नोंद, मावशी. आता साहेब येईस्तोवर पऱ्हाटी उपटू नको.”

“खरंच झाली का, भाऊ?”

“हो म्हणलं ना! निघ आता, मागं रांग पाह्य.”

उद्या तहसिलीत विचारून नीट भरू, असं खरंच मनात होतं. उद्या गर्दी झाली. परवा विसरलो. मुदत संपली.

महिन्याभरानं तालुक्याच्या ऑफिसात बाबूच्या कॉम्प्युटरवर तेच पान दिसलं, वर तोच काला. “फ्रॉड हाय हे,” मी ऐटीत म्हणालो.

“अबे, पत्ता खराच हाय. जुनं ब्राउझर मराठी नाव असंच दाखवते. सगळ्या तक्रारी याच्यावरच घेतल्या आम्ही.”

तरी मी तिला सांगायला गेलो नाही. भित्रा साला!

शेजाऱ्यांनी पऱ्हाटी उपटून विहिरीच्या पाण्यावर हरभरा घेतला, काढलाही. हिची विहीरही भरलेली होती. पण ही काठी घेऊन वाळक्या पऱ्हाटीची राखण करत बसली, शेळ्यासुद्धा शिरू दिल्या नाहीत.

फाल्गुनात ती दुकानात आली. माझा कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता.

“साहेब आलाच नाही, भाऊ. मेला खोटारडा! माहा हरभरा बुडवला त्यानं. त्याची तक्रार लिही. तूच लिही, तुह्यावर भरवसा हाय मले.”

मी कीबोर्ड पुढं ओढला अन् त्या साहेबाविरुद्ध पानभर तक्रार लिहिली.

“हा कागद जोडशीन ना, पुरावा म्हनून?”

“जोडतो ना,” म्हणत मी तो काढून घेतला, अन् ती स्टँडकडं वळताच फाडून टाकला.