आमच्या गल्लीचा हिरवा रंग

कार्तिकातल्या सकाळी गाझियाबादच्या धुरकट हवेत सातविणीचा उग्र गोड वास साचून राहतो, आणि तो आला की मला त्या दिवशीची गाडी आठवते. मोबाइलची रेंज कुठवर पोचते याचे नकाशे करणाऱ्या गुरुग्राममधल्या एका कंपनीत मी आहे. गाडीच्या टपावर यंत्र, मांडीवर लॅपटॉप. रेंज भरपूर तिथे हिरवा रंग, मुळीच नाही तिथे लाल. घरांत कोणी शिरत नाही. रस्त्यावरच्या मोजणीवरून आतल्या खोल्यांचा रंग संगणकच भरतो.

त्या दिवशी आमचीच गल्ली होती. अकोल्याहून सरकारी नोकरीसाठी आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले माझे बाबा दारात उभे होते. घरात आम्ही दोघेच. मागच्या खोलीत फोन लागत नाही, हे त्यांनी मला पूर्वी दोनदा सांगितले होते.

"अरे, चहा तरी घेऊन जा," ते म्हणाले.

बाबांचा चहा म्हणजे तासाभराची बैठक. मी "संध्याकाळी" म्हणालो आणि गल्ली हिरवी करून पुढे गेलो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पंधरवड्याने भर दुपारी त्याच मागच्या खोलीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा ते फरशीवर होते, मुठीत फोन, त्यात मला लावलेले सात कॉल, एकही न लागलेला. वेळेत आणले असते तर कदाचित वाचा राहिली असती, असे डॉक्टर म्हणाले.

मग मी यंत्र घेऊन त्या खोलीत गेलो. लाल. मोजणी कंपनीत दिली, तर वरिष्ठ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "यार, एक कमरे के लिए पूरा नक्शा थोड़े ही बदलेगा." दुसऱ्या कोणाच्या खोलीविषयी मीही हेच म्हणालो असतो, याची मला लाज वाटते.

बाबांची खाट आता पुढच्या खोलीत आहे. तिथे फोन लागतो. दुपारी ऑफिसात त्यांचे नाव उजळते आणि मी सवयीने "बोला बाबा" म्हणून जातो. पलीकडून त्यांचा श्वास येतो, अगदी स्वच्छ, जराही खरखर नाही. समोरच्या पडद्यावर आमची गल्ली हिरवी असते. फोन आधी कोणी ठेवायचा, हे आम्हा दोघांनाही कळत नाही.